थकबाकी

आपोल्डात, जिथं या जातीचं पहिलं कुत्रं जन्मलं म्हणतात,
तिथल्या करवसुली कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली.
ज्यानं ही जात घडवली तोही वसुलीचंच काम करायचा,
पैशाची थैली घेऊन एकट्यानं गावाबाहेर पडायची
त्याला म्हणे भीती वाटे.
मला कधी वाटली नाही.
माझ्याकडे शिक्के होते.

डोबरमनच्या प्रत्येक वेताला इथं एक अक्षर ठरवून देतात,
हिच्या वाट्याला क्यू आला.
क्यूमध्ये नावं ती किती सापडणार?
मी क्विटे ठेवलं. पिवळं, कडक फळ असतं ते,
कच्चं चावलं तर जीभ आखडून जाते,
मंद आचेवर तासभर राहिलं की आपणहून गुलाबी होतं.
शेवटचा स्वर गिळला तर आमच्या भाषेत त्याचा अर्थ
हिशोब फिटला.

रात्रीचे तीन. उणे सहा.
झग्यावर कोट चढवून अंगणात मी
"कर ना गं बाई, कर" म्हणत उभी,
आणि ही एका पानाची चौकशी करतेय,
सावकाश, नियमाप्रमाणे.
मग घरात येऊन
गालिच्यावर.

हिच्या अंगावर केस एवढेसे, खाली लोकर नाही, सारखी कुडकुडते.
ऑफिसात घालायचे त्या करड्या स्वेटरची डावी बाही मी कापली,
पायांसाठी दोन भोकं पाडली.
टेबलावर टेकून टेकून झिजलेला कोपर
आता तिच्या पाठीवर आलाय.

दुधाचे दात. माझी मनगटं बघून औषधांच्या दुकानातली मुलगी
हळूच म्हणाली, घरी सगळं ठीक आहे ना?

शेजारचे ब्योट्चर कुंपणावरून बोलतात:
आमच्या वेळी कान कापून, पट्ट्या बांधून ताठ उभे करायचे,
ह्या लोंबत्या कानांना कोण भिणार?
कायद्यानं बंदी आहे, मी कलम सांगते.
कलम मला अजून पाठ आहे.
क्विटेचा एक कान तेवढ्यात उलटा पडतो,
आतून गुलाबी.

डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय,
या जातीचं हृदय कधी कधी दगा देतं,
तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी तपासायचं, विसरायचं नाही.
मी कशाला विसरेन?
रात्री ती झोपली की छातीवर तळवा ठेवून मोजते,
वहीत लिहिते, तारीख घालते.
आकडे माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत.
पहिल्यांदाच वाटतं, एखाद्या वेळी बोलावेत.

शनिवारी पिल्लांची शाळा.
चूक झाली तर ओरडायचं नाही,
बरोबर वागली की दोन सेकंदांत खाऊ.
आमच्या खात्यात उलटं होतं.
वेळेवर भरणाऱ्याला एकतीस वर्षांत
मी साधं एक पत्र पाठवलं नाही.

तिथंच भेटला व्हीलांड, सुतार.
त्याच्या रंधायंत्रावर मी स्वतः जप्तीची चिठ्ठी लावली होती,
दारात त्याची बायको उभी होती, हातात ओला टॉवेल.
मी नजर वळवायच्या आत
क्विटे माझ्या हातून दोरी सोडवून
त्याच्या बुटांवर जाऊन बसली.
तो खाली वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.
"चावते?"
"फक्त मला."
तो हसला की खोकला, मला कळलं नाही.

म्हणाला, ही उंच होणार, वाटी जमिनीवर नको,
वाढेल तसा वर सरकवता येईल असा स्टँड करून देतो.
पुढच्या शनिवारी आणलाही, बीच लाकडाचा,
कडा घासून गोल केलेल्या.
सोबत पावती. खाली वेगळ्या ओळीत,
ठळक अक्षरांत,
विक्रीकर.

मी पैसे मोजून दिले, त्यानं मोजून घेतले.

पावती फाइल करायला टेबलावर ठेवली होती.
अर्धी क्विटेनं खाल्ली.
तारीख तेवढी राहिलीय,
आणि त्याच्या सहीचं शेपूट.